‘लातूर’मध्ये अक्षरे किती?

शब्दातील अक्षरे मोजणारी आणि शब्द उलटा लिहिणारी आज्ञावली आपल्याला हवी आहे, असे समजा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला सांगितले, की काही क्षणांत ती तयार होते. रोमन लिपीत ‘लातूर’ लिहून पाहा. उत्तर येते पाच. अगदी बरोबर!

आता तोच शब्द देवनागरीत द्या. पायथन भाषेतील साधी आज्ञावली पुन्हा पाचच सांगते. आपल्याला तर ला, तू, र अशी तीनच अक्षरे दिसतात. याचे कारण युनिकोड या संकेतपद्धतीत आहे. तीत ल, काना, त, दीर्घ उकार आणि र यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. संगणक हे क्रमांक मोजतो. म्हणूनच ‘नांदेड’चे उत्तर सहा येते. ‘लातूर’ उलटा केल्यावर ‘रतूला’ऐवजी ‘रूताल’ उमटते. आज्ञावली मात्र कोठेही अडत नाही, की चुकीची सूचना देत नाही.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतून शिकून सॉफ्टवेअरच्या कामाला लागणाऱ्या तरुणांपुढे आज हाच प्रश्न आहे. ‘अक्षर’ म्हणजे काय, हे साधनाला नेमके सांगायला हवे आणि आलेले उत्तर तपासायलाही हवे. लिहिण्याचे श्रम कमी होतात, पण तपासण्याचे वाढतात. दुसऱ्याने लिहिलेले समजून घेणे स्वतः लिहिण्यापेक्षा पुष्कळदा अवघड असते.

२०२५ मध्ये एम.ई.टी.आर. या अमेरिकी संशोधन संस्थेने १६ अनुभवी आज्ञावलीकारांना २४६ कामे देऊन पाहिली. साधन वापरले तेव्हा त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. स्वतः त्यांना मात्र आपण २० टक्के वेळ वाचवला असेच वाटत होते! सोळा जणांवरून सर्वांविषयी निष्कर्ष काढता येणार नाही. तरीही ‘काम लवकर झाले असे वाटणे’ आणि ‘ते लवकर होणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून दिसते.

नवशिक्यांची अडचण याहून मोठी आहे. चुका शोधता शोधताच माणूस हे काम शिकतो. तयार उत्तरावर भागवले, तर उद्या तपासणार कोण? म्हणून ज्याला समजावून सांगता येईल त्यानेच ती आज्ञावली स्वीकारावी, असा नियम संघाने पाळणे हिताचे.

वर्गात हा प्रयोग करून पाहता येईल. प्रत्येकाने आपल्या गावाचे नाव घ्यावे, आधी वहीत उत्तर लिहावे आणि मगच संगणकाला विचारावे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर खरा धडा तेथून सुरू होतो.