मोबाइलच्या पोटातली कल्हई!

तुमच्या मोबाइल-लॅपटॉपच्या सर्किट बोर्डवर सोनं असू शकतं, माहीत आहे का? थांबा, स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा! पार्ट जिथे बसतात त्या पॅडवरचा सोन्याचा थर असतो ०.०५ ते ०.१ मायक्रॉन. डोक्यावरचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. एवढ्यात नथीचा मोतीही मढणार नाही.

मग हा थाट कशाला? तांबं उघडं राहिलं की काळवंडतं, आणि काळवंडलेल्या तांब्यावर सोल्डर पसरतच नाही, गोळा होऊन बसतं. म्हणून आधी मुलामा, मग डाग.

आता खरी गंमत! तांब्यावर निकेल, निकेलवर सोनं. सोल्डर वितळलं की सोनं क्षणात त्यात विरघळून गायब आणि जोड बसतो तो निकेलशी. म्हणजे सोन्याची ड्यूटी फक्त तोवर निकेलची राखण करायची. बरं, हे सोनं चढतं विजेशिवाय. निकेलचे अणू द्रावणात उतरतात, त्यांच्या जागी सोनं बसतं. निकेल झाकलं गेलं की अदलाबदल जवळपास आपोआप थांबते. हावरट नाही बिचारं! आणि चढवलंच जास्त तर? सोल्डरमध्ये वजनाच्या ३ टक्क्यांहून जास्त सोनं गेलं की जोड ठिसूळ होऊ लागतो. अति सोनं तिथे माती!

कल्हईवाले आठवतात? ते टाकायचे तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तो धातूवरचा ऑक्साइड साफ करतो. अस्सल देशी फ्लक्स! बोर्डलाही अशीच कल्हई होते: ‘एचएएसएल’ पद्धतीत आजही अख्खा बोर्ड वितळलेल्या सोल्डरमध्ये बुचकळतात आणि जादा सोल्डर गरम हवेच्या झोताने उडवतात. कल्हईवाल्याच्या कापसाच्या बोळ्याला सुट्टी.

कथलाला मिशा फुटतात, माहीत आहे का? खरंच! शुद्ध कथलाच्या मुलाम्यातून केसाहून बारीक तंतू उगवतात आणि शेजारच्या पिनला चिकटले की शॉर्ट. १९९८च्या मे महिन्यात ‘गॅलेक्सी ४’ उपग्रह बिघडला आणि अमेरिकेतले कोट्यवधी पेजर मुके झाले. संशयित? याच मिशा.

या मिशांवरचा जुना उतारा म्हणजे थोडं शिसं. पण १ जुलै २००६पासून युरोपने बहुतेक इलेक्ट्रॉनिक्समधून शिशाला गेटआउट केलं. नासा मात्र अजूनही कथलात किमान ३ टक्के शिसं मागते. अंतराळात हजामत कोण करणार?

चांदीचा मुलामा सोल्डरिंगला झकास, पण गंधकाशी तिचं हाडवैर. गाड्यांची मॉडेलं घडवणाऱ्या स्टुडिओंतल्या मातीत गंधक असतो, आणि तिथले कम्प्युटर पटापट आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. मॉडेल चकाचक, बोर्ड काळाठिक्कर!

आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक? आत तांबं, वर लोखंडाचा कोट, कारण सोल्डरमधलं वितळलेलं कथील तांबं खातं. मागच्या भागावर क्रोम, म्हणजे सोल्डर वर चढत नाही. तेव्हा टोक काळं पडलं म्हणून कानस घेऊन बसणाऱ्या मंडळींनो, हात आवरा. कोट गेला की टोक गेलं, आणि नवं टोक फुकट मिळत नाही!