‘भिन्न’ : आजार आटोक्यात, प्रश्न कायम

सोलापूर - एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या तरुण स्त्रीला देह, इच्छा आणि मातृत्व यांविषयी स्वतः निर्णय घेण्याचा अधिकार उरतो का? कविता महाजन यांची ‘भिन्न’ ही कादंबरी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा या प्रश्नाकडे मराठी वाचकाला पाठ फिरवता आली नाही. ‘ब्र’नंतरच्या या कादंबरीत त्यांनी एचआयव्हीबाधित स्त्रिया आणि मुलांचे जग उभे केले. महाजन यांचे २०१८ मध्ये निधन झाले. प्रश्न मात्र अजून संपलेला नाही.

सोलापूर जिल्ह्याला हे जग परके नाही. पंढरपुरात मंगल शहा यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘पालवी’ प्रकल्पात एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ होतो. त्या काळी अशी मुले फार जगणार नाहीत, असेच समजले जाई. जन्मतः संसर्ग झालेली त्या पिढीतील अनेक मुले औषधोपचारांमुळे आज तारुण्यात आली आहेत. त्यामुळे कादंबरीतील प्रश्न आता त्यांच्याही दारात उभा आहे.

उपचारांचे चित्र दरम्यान पालटले. देशात १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत मिळू लागली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. औषधे नियमित घेतल्यास रक्तातील विषाणू इतके कमी होतात, की लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. उपचारांविना आईकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. वेळीच उपचार झाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली येते. म्हणजेच एचआयव्ही आता मधुमेहासारखा आयुष्यभर सांभाळण्याचा आजार ठरला आहे.

मात्र मधुमेह झालेल्या स्त्रीच्या चारित्र्याची चौकशी कोणी करीत नाही. एचआयव्हीबाधित स्त्रीची होते, मग संसर्ग पतीकडून झालेला असो वा जन्मतः. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्याने भेदभावाला मनाई केली असून, संमतीशिवाय चाचणी करण्यास वा माहिती उघड करण्यासही प्रतिबंध केला आहे. तथापि, स्थळ पाहताना, सासरी किंवा शेजारी होणाऱ्या कुजबुजीपर्यंत कायदा पोहोचत नाही. तिथे ‘भिन्न’सारखी कादंबरी पोहोचते. बाधित स्त्रीकडे ‘रुग्ण’ म्हणून न पाहता पूर्ण माणूस म्हणून पाहण्यास ती वाचकाला भाग पाडते.

शासकीय रुग्णालयांतील केंद्रांत चाचणी व समुपदेशन मोफत असून, १०९७ या राष्ट्रीय मदतवाहिनीवरही माहिती मिळते.