‘कँडिड’ छायाचित्र : एका संज्ञेची चिकित्सा

इंग्रजीतील ‘कँडिड’ या शब्दाचे मूळ लॅटिन ‘कान्दिदुस’, म्हणजे शुभ्र, झळाळणारे, हे होय; आपला ‘चंद्र’ही त्याच धातुकुळातील. पुढे अर्थ ‘निष्कपट’ असा झाला आणि विसाव्या शतकात, समोरच्याच्या नकळत टिपलेल्या छायाचित्रास हे विशेषण लागले. मराठीत यास ‘सहजचित्र’ म्हणावे असे प्रथमदर्शनी वाटते. ही संज्ञा कितपत टिकते, ते न्यूयॉर्कच्या रात्री टिपणाऱ्या आर्थर फेलिग ऊर्फ वीजी याच्या चित्रांवरून तपासून पाहावे.

वीजीचा स्पीड ग्राफिक कॅमेरा अवजड होता. अंधारात भिंग जुळवीत बसण्यास अवधी नसे. म्हणून तो सुमारे १० फुटांचे अंतर आणि बारीक छिद्र आधीच ठरवून ठेवी व उजेडाचे सारे काम फ्लॅशबल्बवर सोपवी. बल्ब एकदाच पेटे, मग बदलावा लागे. त्या लखलखाटाने छायाचित्रकार स्वतःच उघडा पडे. मागचा रस्ता काळाकुट्ट राहून माणसे कात्रीने कापून काढल्यासारखी दिसतात, त्याचे कारणही हेच.

‘द क्रिटिक’ हे त्याचे सर्वश्रुत चित्र २२ नोव्हेंबर १९४३ च्या रात्रीचे. मेट्रोपोलिटन ऑपेराच्या दाराशी हिऱ्यांनी मढलेल्या दोन धनाढ्य स्त्रिया हसत उभ्या आहेत. बाजूस एक गबाळी स्त्री त्यांच्याकडे त्वेषाने पाहते. पुढे वीजीच्या साहाय्यकाने सांगितल्याप्रमाणे, या स्त्रीस बॉवरी भागातील सॅमीच्या मद्यगृहातून, दारू पाजून, मुद्दाम आणले होते. मूळ निगेटिव्हमध्ये कडेला आणखी माणसे आहेत. ती छाटल्यावर तिघींचा हा सामना उरला.

मग येथे सहज ते काय? योजना छायाचित्रकाराची, हास्य कॅमेऱ्यासाठीचे, आणि ‘टीकाकार’ ही पदवी शीर्षकाने बहाल केलेली. आपणांस कोणत्या वाक्यात बसविले जात आहे, हे मात्र त्या दोघींना ठाऊक नव्हते. नशेतील तिसरीस ते ठाऊक असणे संभवत नाही. म्हणून मी ‘अनवधानचित्र’ ही संज्ञा पसंत करीन. (उच्चारास ती जड आहे, हे कबूल.) ‘सहज’ हा शब्द छायाचित्रकाराची वकिली करतो, ‘अनवधान’ समोरच्या माणसाची स्थिती सांगतो.

त्याच दशकात वीजीने चित्रपटगृहांच्या अंधारात अवरक्त फिल्म वापरली. तिच्यासाठीचा फ्लॅश डोळ्यांस जवळजवळ दिसतच नसे. खुर्चीत झोपी गेलेली मुले, चुंबनात गढलेली जोडपी त्याने अशी टिपली. त्यांना सावध करणारा लखलखाटही आता उरला नव्हता.