डोळ्याच्या खोबणीतले हाड आणि थरथरणारे हत्यार

एखाद्या बाईचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसू लागले की आपल्या वस्तीत दोन गोष्टी हमखास होतात. कोणी म्हणते, "हल्ली फार डोळे वटारून बघते." कोणी लिंबू-मिरची उतरवून टाकायला सांगते. १९५६ साली बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजातून हा उतारा अजून पुरता गेलेला नाही, हे आम्ही खेदाने लिहितो. कारण त्यात जे महिने वाया जातात, त्या काळात नजर जाऊ शकते.

मोठ्या माणसांत डोळे असे पुढे येण्याचे सर्वांत नेहमीचे कारण थायरॉईडशी जोडलेला आजार हे आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था चुकून आपल्याच अवयवांवर उलटते. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आणि डोळ्यामागचे स्नायू व चरबी असे दोन्ही तिच्या तडाख्यात सापडतात. डोळ्याची खोबण म्हणजे सात हाडांची पेटी. तिच्यात जागा सुमारे ३० मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. ही पेटी फुगत नाही. म्हणून आतली सूज वाढली की डोळा पुढे ढकलला जातो. पापण्या नीट मिटत नाहीत, डोळा कोरडा पडतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. त्याहून वाईट म्हणजे खोबणीच्या मागच्या टोकाशी दृष्टीची नस दाबली जाते.

उपचार आधी औषधांचाच. थायरॉईड आटोक्यात आणतात, गरज पडल्यास स्टेरॉईड देतात. पण नस दाबलेलीच राहिली, किंवा आजार शांत होऊनही डोळे तसेच पुढे राहिले, तर पेटीच मोठी करावी लागते. खोबणीच्या भिंतीतले थोडे हाड काढतात आणि सुजलेल्या भागाला पसरायला वाट मिळते.

नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ, ती चिमट्यानेही निघते. खरी कसोटी कानाकडच्या भिंतीची. ती जाड, आणि तिच्या खोल भागापलीकडे लगेच मेंदूचे आवरण. इथे वर्षानुवर्षे ड्रिल वापरतात. त्याचे टोक मिनिटाला हजारो फेरे फिरते. समोर हाड आहे की मांस, हे त्याला कळत नाही. कापसाची पट्टी जवळ आली तर तीही गुंडाळून घेते. बोटभर जागेत डोळा एका बाजूला सारून हे काम करायचे असते.

अल्ट्रासोनिक हत्यार फिरत नाही, थरथरते. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवले. उलट वीज दिली की असे पदार्थ आकुंचन-प्रसरण पावतात. त्याच गुणावर हत्याराचे टोक सेकंदाला साधारण २५ ते ३० हजार वेळा हलते. आपला कान २० हजारांपर्यंतच ऐकतो. टोकाची हालचाल मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसते. इटलीचे दंतशल्यचिकित्सक तोमासो व्हेरचेलोत्ती यांनी हे तंत्र जबड्याच्या हाडासाठी रुळवले, पुढे ते डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचले.

हात मोडल्यावर प्लास्टर कापणारी करवत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना मर्म लगेच कळेल. प्लास्टर कडक, ते कापले जाते. कातडी करवतीबरोबर हलते आणि वाचते. इथेही कडक हाड झिजते, मऊ भाग मात्र टोकाबरोबर डुलतो.

म्हणून हे हत्यार निर्धोक आहे असे नाही. जाड हाडावर ते ड्रिलपेक्षा सावकाश चालते. टोक तापते, त्यामुळे पाण्याची धार सतत लागते. धार थांबली किंवा हात जोरात दाबला तर मांस भाजते. शस्त्रक्रियेनंतर एकाच्या दोन वस्तू दिसण्याचा धोकाही या यंत्राने संपत नाही, कारण तो बहुतेक स्नायू जागचे हलल्यामुळे असतो. यंत्र महाग आहे, सगळीकडे नाही. सरावलेला सर्जन ड्रिलनेही उत्तम काम करतो. तेव्हा "यंत्र कोणते?" या आधी "अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या?" हे विचारावे. केवळ यंत्रासाठी दागिने गहाण टाकू नयेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात, तेही विचारावे. विचारताना संकोच कसला?

बिडी-सिगारेटने हा आजार बळावतो, हे पक्के ठरलेले आहे. पाचवे शील म्हणताना दारूच मनात येते, म्हणून बिडी सुटली असे धम्मबांधवांनी समजू नये.

घरी एक गोष्ट करता येते. एक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू पाहावी, मग दुसरा झाकून तीच पाहावी. एका डोळ्याला लाल रंग फिका, मळकट दिसू लागला असेल, किंवा नजर अंधुक होत असेल, तर ती नस दाबली जात असल्याची खूण असू शकते. दोन्ही डोळे एकदमही बिघडू शकतात, म्हणून फरक दिसला नाही तरी गाफील राहू नये. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रविभाग गाठावा, आणि थायरॉईडच्या तपासणीचे कागद सोबत न्यावेत.