प्रार्थना आणि मंडळीचें उज्जीवन

औंढा नागनाथाच्या देवळासंबंधींची आख्यायिका आपणां सर्वांस लहानपणापासून ठाऊक आहे. संत नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असतां पुजाऱ्यांनीं त्यांस तेथून उठविलें. ते निमूटपणें मागच्या बाजूस जाऊन भजनांत तल्लीन झाले. तेव्हां देवळानेंच आपलें तोंड फिरवून त्यांच्याकडे केलें, असें लोक सांगतात. या कथेची ऐतिहासिक परीक्षा करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नाहीं. परंतु उपासनेच्या स्थानापेक्षां व थाटापेक्षां देव भक्ताचें अंतःकरण पाहतो, हा आमच्या भूमींतील भाविकांचा विश्वास तींत व्यक्त झाला आहे. ख्रिस्ती मंडळीसही हाच धडा पुनःपुन्हां शिकावा लागला आहे. आणि तो शिकतांना तिच्यांत जें नवें चैतन्य येतें, त्यास उज्जीवन म्हणतात.

उज्जीवन म्हणजे पुन्हां जिवंत होणें. अर्थात् जें एकदां जिवंत होतें, त्यासच हा शब्द लागू पडतो. ज्यांनीं ख्रिस्ताचें नांव ऐकलें नाहीं त्यांच्यासाठीं सुवार्ता आहे; ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे, ज्यांस गीतें तोंडपाठ आहेत, व ज्यांचीं नांवें मंडळीच्या पुस्तकांत नोंदलेलीं आहेत, त्यांच्यासाठीं उज्जीवन आहे. छळामुळें मंडळी क्वचितच निर्जीव होते. संवयीमुळें मात्र पुष्कळदां होते.

याचें उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांतील वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला, व १८८९ सालीं मुंबईस शारदा सदन स्थापिलें. त्यांची विद्वत्ता सर्वश्रुत होती. असें असतांही, धर्म स्वीकारल्यावर कित्येक वर्षांनीं आपणांस ख्रिस्ताची खरी ओळख झाली, अशी स्पष्ट कबुली त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत दिली आहे. जें या विदुषीस कबूल करण्यास लाज वाटली नाहीं, तें आम्हांस कां वाटावी?

१८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं मध्यप्रांतांतून सुमारें तीनशें मुली आणल्या, व पुण्याच्या पूर्वेस केडगांव येथें मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी शेंकडों निराश्रित स्त्रिया व मुली आल्या. अन्न, वस्त्र, शाळा, उद्योग व नित्याची उपासना या सर्वांची व्यवस्था झाली. तरी बाईंच्या मनास समाधान नव्हतें. ऑस्ट्रेलियांतील मंडळ्यांत जागृति झाल्याचें कळतांच त्यांनीं आपली कन्या मनोरमाबाई व सहकारिणी मिनी एब्रम्स यांस तिकडे पाठविलें. पुढें १९०४ सालीं वेल्स देशांत, इव्हान रॉबर्ट्स नांवाच्या पूर्वी कोळशाच्या खाणींत काम केलेल्या तरुणाच्या सेवेनें मोठें उज्जीवन झालें, व १९०५ सालीं तें आपल्याच देशांतील खासी टेंकड्यांत पोहोंचलें.

जानेवारी १९०५ मध्यें बाईंनीं मुक्तींतील मुलींस या गोष्टी सांगून, रोज प्रार्थनेस कोण येईल असें विचारलें. सत्तर जणी पुढें आल्या. जूनपर्यंत ही संख्या साडेपांचशेंवर गेली, व त्या दिवसांतून दोनदां एकत्र जमूं लागल्या. जूनच्या अखेरीस एके पहाटे एका मुलीस पवित्र आत्म्याचा विलक्षण अनुभव आला. ती जणूं अग्नीनें वेढली आहे असें वाटून दुसरी मुलगी पाण्याची बादली आणावयास धांवली, असें सांगतात. त्यानंतर बाई योहानाच्या शुभवर्तमानावर बोलत असतां सर्व मुली एकदम मोठ्यानें प्रार्थना करूं लागल्या, व बाईंस बोलणें थांबवावें लागलें. कित्येक दिवस पापांची कबुली, अश्रु व स्तुति हींच तेथें चालू होतीं.

वाचक बहुधा त्या अग्नीचीच गोष्ट लक्षांत ठेवतात. परंतु जानेवारीपासून जूनपर्यंतच्या सहा महिन्यांकडे अधिक लक्ष द्यावें. त्या काळांत सांगण्यासारखें कांहींच घडलें नाहीं. दुष्काळांतून वांचलेल्या मुली रोज येत व प्रार्थना करीत, एवढेंच. पन्नासाव्या दिवसापूर्वी यरुशलेमांतील सुमारें १२० शिष्यांनींही हेंच केलें होतें. उज्जीवन देणें माणसाच्या हातीं नाहीं; वाट पाहणें मात्र आहे.

मुक्तींतील मोठ्यानें होणारी प्रार्थना कित्येकांस गोंगाट वाटली. पण अश्रु किंवा आवाज ही उज्जीवनाची कसोटी नव्हे. तीं असूं शकतील, नसूंही शकतील. जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें वचन दिलें, ती खरी कसोटी होय. मुक्तींतील मुलींच्या टोळ्या सुवार्ता घेऊन आसपासच्या खेड्यांत गेल्या. आणि बाईंनीं मूळ भाषांवरून सोप्या मराठींत केलेलें बायबल, १९२२ सालीं त्या निवर्तल्यावर, १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. त्याची छपाई मुक्तींतील स्त्रियांनींच केली.

या कसोटीस मीही एकदां उतरलों नाहीं. वर्गांतील एक वही हरवली असतां मीं एका निरपराध मुलास सर्वांसमक्ष दोष दिला. दुसऱ्या दिवशीं ती कपाटांत सांपडली. मीं त्याची एकांतांत क्षमा मागितली, व तेवढ्यावर समाधान मानलें. परंतु दोष तर चारचौघांत दिला होता! पुढें कित्येक दिवस सकाळच्या प्रार्थनेंत माझे शब्द पुढें जाईनात. अखेरीस मीं सबंध वर्गासमोर क्षमा मागितली. तो मुलगा कांहीं बोलला नाहीं. फक्त त्यानें मान वर करून माझ्याकडे पाहिलें. त्या दिवसापासून मला पुन्हां प्रार्थना करतां येऊं लागली.

विद्यार्थ्यांनो, प्रार्थनेची घंटा होते तेव्हां आपण रांगेंत उभे राहतों, डोळे मिटतों व ‘आमेन’ म्हणतों. याच नित्यक्रमांत उज्जीवनाचें बीज आहे, आणि मरणाचेंही आहे. ज्याचें पुस्तक परत केलें नाहीं, ज्याच्याशीं अबोला धरिला आहे, किंवा ज्याच्याविषयीं खोटें सांगितलें आहे, त्याचें नांव प्रार्थनेच्या वेळीं मनांत आलें, तर तें हांकून देऊं नका. सुटीच्या घंटेपूर्वी त्याच्याकडे जा. दोघां-तिघांनीं मिळून शाळेसाठीं, आपल्या पाळकांसाठीं व गांवासाठीं रोज पांच मिनिटें प्रार्थना करा, आणि कांहीं घडत नाहीं म्हणून ती सोडूं नका. मुक्तींत आरंभीं सत्तर जणी होत्या. आपल्या शाळेंत आरंभास दोघे पुरे आहेत.