डाव्या पायाचा प्रश्न

निवृत्त माणसाने पैशाचे काय करावे, याबाबत आमच्या उमरखेडात फारसे मतभेद नाहीत. शेताचा एखादा तुकडा घ्यावा, घरावर मजला चढवावा, नाहीतर सपत्नीक चारधाम करून यावे. मी यातले काहीच न करता जुनी स्पोर्टी मोटार शोधतो आहे, हे कळल्यावर सकाळच्या फिरायच्या मंडळीत दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ मित्राने खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘‘घरी सगळं ठीक आहे ना?’’

घरी सगळे ठीक होते. तीसेक वर्षे बँकेत काढली. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो, लग्नात रुसलेल्या जावयाची मोटरसायकल, अशा सगळ्यांच्या कर्जाच्या फायलींवर सह्या केल्या. बाहेर गाडीपुढे नारळ फुटायचा आणि पेढा माझ्या टेबलावर यायचा. गाडी मात्र दुसऱ्याची. माझ्या वाट्याला आली ती मारुती ८००, चार गिअरची आणि भलत्याच सोशिक स्वभावाची. पुढे तिची जागा दुसऱ्या एका साध्या गाडीने घेतली. दाबताच अंगात येणारी गाडी एकदा तरी आपली असावी, ही इच्छा राहून गेली होती. कादंबऱ्यांच्या मानधनात ती पुरी होणार नव्हतीच. म्हणून जुनी.

मनात होती पोलो. पुण्याजवळ चाकणला तयार होणारी ही गाडी २०१० साली बाजारात आली आणि २०२२ साली बंद झाली. आता मिळेल ती सेकंडहँडच. तिच्यातही दोन पोटजाती माझ्या नजरेत होत्या. एक २०१३ पासूनची जीटी टीएसआय. तिचे इंजिन १.२ लिटरचे, ताकद १०५ हॉर्सपॉवर आणि गिअर सात, पण सगळे ऑटोमॅटिक. दुसरी २०२० नंतरची, एक लिटर इंजिनाची, ११० हॉर्सपॉवरची आणि हाताने टाकायच्या सहा गिअरची. दोघींचा जोर कागदावर सारखाच, १७५ न्यूटनमीटर. फरक एवढाच, की पहिलीत डावा पाय बेकार आणि दुसरीत त्याला पूर्णवेळ नोकरी.

पुण्यातला मुलगा फोनवर म्हणाला, ‘‘बाबा, ऑटोमॅटिकच घ्या. आता गिअर कोण बदलतं?’’ इथल्या मिस्त्रीने हात पुसत उलट सवाल केला, ‘‘साहेब, ते गिअरबॉक्स इथं खोललं तं जोडाले कोन येईन?’’

दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. पंचाईत तिथेच होती.

आता थोडे यंत्राविषयी सांगतो, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळी बिऱ्हाडे राहतात आणि जुनी गाडी घेताना कोणते बिऱ्हाड आपल्या घरात येते आहे, हे माहीत असलेले बरे. पहिले सर्वांत जुने, टॉर्क कन्व्हर्टरचे. टेबलफॅन दुसऱ्या बंद टेबलफॅनसमोर ठेवला, तर वाऱ्याने दुसऱ्याची पातीही फिरू लागतात. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते, एवढेच. अमेरिकेत १९३९ साली ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी जाहीर झालेल्या ‘हायड्रामॅटिक’पासून तेलाचा हा आधार घरोघर पोहोचला. दुसरे बिऱ्हाड एएमटीचे. गिअरबॉक्स साधाच, पण क्लच दाबायला आणि गिअर बदलायला माणसाऐवजी मोटर. २०१४ साली सेलेरिओतून ते आपल्याकडे आले. स्वस्त, काटकसरी, पण गिअर बदलताना जरा मान डोलावणारे. तिसरे दोन क्लचचे. एका क्लचकडे पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार होऊन बसलेला असतो, त्यामुळे बदल डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात होतो. जीटी टीएसआयमध्ये हाच आहे. स्पोर्टी गाडीला तो शोभतो, यात वाद नाही.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. या छोट्या गाड्यांतले दोन क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडवलेले असतात. गर्दीत इंच इंच सरकताना ते तापतात आणि झिजतात. २०१३ साली याच कंपनीला दोन क्लचच्या गिअरबॉक्समधील दोषावरून चीनमध्ये ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. म्हणून प्रत्येक गाडी वाईट असे नव्हे. मात्र हमीची मुदत संपलेली, दहा वर्षे शहरात फिरलेली अशी गाडी घेणाऱ्याने दुरुस्तीची रक्कम बाजूला काढूनच सौदा करावा. चाचणीही पाच मिनिटांत उरकू नये. अर्धा तास चालवून गाडी तापू द्यावी, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने न्यावी, चढावर मागे घ्यावी. थरथर किंवा हिसका जाणवला तर नमस्कार करून निघावे.

हातगिअरवाल्या गाडीची परीक्षा त्यामानाने सोपी. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, पायही ब्रेकवर ठेवून तिसरा गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. इंजिन आचका देऊन बंद पडले तर क्लच शाबूत. गुरगुरत तसेच चालू राहिले तर क्लच संपलेला. दुसरा गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज आला तर आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो. शिवाय बॅटरी उतरलीच, तर चार माणसांनी धक्का देऊन ती सुरू होते. ऑटोमॅटिकला हा गावठी उपाय चालत नाही. आमच्या भागात, जिथे पैनगंगेच्या पुलापलीकडे मराठवाडा सुरू होतो आणि अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा अर्धा तास रांगावे लागते, तिथे या गोष्टीला किंमत आहे.

गंमत अशी, की हा वाद मोटारीचा नाहीच. मराठी घरांनी तो पूर्वी स्कूटरवरून घातला आहे. आकुर्डीची चेतक आली १९७२ साली. डाव्या मुठीत गिअर आणि क्लच, आणि सुरू होईना झाली की तिला आडवी करायची. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. त्याच साली फिरोदियांची लुना आली, बिनगिअरची. मग १९८४ साली कायनेटिक होंडा. बटण दाबले की सुरू, गिअर नाही, क्लच नाही. आम्ही पुरुषांनी तिला लगेच ‘बायकांची गाडी’ असे नाव ठेवले. त्या नावात थोडी भीतीही होती, हे आज कळते. कारण त्या बिनगिअरच्या गाड्यांवरून शिक्षिका शाळेत जाऊ लागल्या, नर्सबाई रात्रपाळीला जाऊ लागल्या, मुली कॉलेजला जाऊ लागल्या. ‘मला तिथे सोडता का?’ हा प्रश्न घराघरांतून कमी होत गेला. २००१ नंतर अॅक्टिव्हा आली आणि आज तिच्यावरून मिशीवाले पैलवानही फिरतात. त्यांना कोणी हसत नाही.

तरीही गिअरची ओढ संपत नाही, हेही खरे. पोर्शे या जर्मन कंपनीने २०१३ साली आपली ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने आणली. माणसाच्या हातापेक्षा तो जलद, हे घड्याळाने सिद्ध होते. तरी शौकीन हिरमुसले. २०१६ साली कंपनीने हातगिअरच्या ९११ आर नावाच्या फक्त ९९१ गाड्या काढल्या, त्यांवर उड्या पडल्या, आणि २०१७ साली जीटी३मध्ये हातगिअर परत आला. माणसाला वेग हवा असतो, पण तो आपण निर्माण केला असे वाटायलाही हवे असते. जुन्या एसटीचे ड्रायव्हर क्लच दोनदा मारून, मध्ये इंजिनाला किंचित रेस देऊन गिअर बसवायचे. लहानपणी त्यांच्या मागच्या सीटवर बसून मी तो सोहळा पाहिला आहे. माझी ओढ तिथली.

पण मी ठरवले होते ऑटोमॅटिकच घ्यायचे. कारण वेगळे होते.

तीन वर्षांपूर्वी एका रात्री दोनच्या सुमारास माझ्या पोटात असह्य कळ उठली. मूतखडा होता, हे नंतर कळले. त्या वेळी मात्र छातीचेच काही असावे असे आम्हा दोघांना वाटले. नांदेड सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. गाडी अंगणात, चावी खुंटीला, आणि घरात गाडी चालवणारा एकच माणूस, तो पलंगावर कळवळत पडलेला. सौ. अंधारात शेजारचे दार वाजवत राहिली. शेजाऱ्यांचा मुलगा उठला, आला, त्याने आम्हाला पोहोचवले. त्याचे उपकार विसरणार नाही. पण त्या रात्री मागच्या सीटवर माझे डोके मांडीवर घेऊन बसलेल्या सौ.चा चेहराही मी विसरलेलो नाही.

ती गाडी का शिकली नाही? शिकत होती. १९९८ साली, त्या मारुतीवर. चढावर गाडी बंद पडली, मागे एसटी उभी राहून भोंगा वाजवू लागली. मी ओरडलो, ‘‘अगं, क्लच! क्लच! काय करतेस!’’ गाडी पुन्हा बंद पडली. मी पुन्हा ओरडलो, या वेळी जास्त. ती शांतपणे उतरली, पुढून वळसा घालून आली आणि मला सरकायला सांगून डाव्या बाजूला बसली. पुढे कधी तिने उजवे दार उघडले नाही. मी सगळ्यांना सांगत आलो, ‘‘हिला क्लच जमला नाही.’’

म्हणून ऑटोमॅटिक. पुण्यात मुलाकडे मुक्काम टाकून आम्ही गाड्या पाहिल्या. जीटी टीएसआय पाहिली, मन हरखले. पण सवयीने आरसी तपासली, तर बँकेचे नजरगहाण तसेच. ‘‘कर्ज केव्हाच फिटलंय काका,’’ मालक म्हणाला. खरे असेल. पण बँकेचे ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत दिल्याशिवाय ती नोंद उतरत नाही, आणि नोंद उतरल्याशिवाय घेणाऱ्याने पैसे देऊ नयेत. हे मी आयुष्यभर लोकांना सांगितले, तेव्हा स्वतःच कसा मोडणार? त्याला आठवड्याची मुदत दिली. दरम्यान हातगिअरची एक लिटरवाली, एकाच मालकाची, सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली गाडीही पाहिली होती. टॉर्क कन्व्हर्टरवालीही २०२० पासून निघाली होती, जुन्यात सर्वांत निर्धास्त तीच, पण तिची किंमत झेपेना.

संध्याकाळी चहाच्या वेळी सौ.ने विचारले, ‘‘ऑटोमॅटिक माझ्यासाठी घेताय?’’

‘‘हो. तुला क्लचचा त्रास नको.’’

‘‘अहो, मी क्लचला कधी घाबरले होते? मी तुमच्या आवाजाला घाबरले होते. त्याला ऑटोमॅटिक निघालंय का?’’

मुलगा कप घेऊन आत निघून गेला.

मग तिने तिचे म्हणणे मांडले. शिकायचेच तर गिअरवालीच शिकेन, रात्री-बेरात्री समोर येईल ती गाडी चालवता आली पाहिजे, प्रत्येक वेळी आपलीच आणि ऑटोमॅटिकच कशी असेल? (इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर हातगिअरची गाडी चालवण्याचा परवानाच मिळत नाही, हे मी तिला नंतर सांगितले. ती म्हणाली, ‘‘बघा.’’) दुसरे, शिकवणार ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस, तुम्ही नाही. तिसरे, मी चालवत असताना तुम्ही बोलायचे नाही.

आम्ही हातगिअरवाली घेतली. सौ.ने डॉक्टरचा दाखला जोडून लर्निंग लायसन काढले, रोज सकाळी शिकली, आणि परीक्षा पास झाली.

यावरून प्रत्येकाने गिअरवालीच घ्यावी असे मी म्हणणार नाही. गुडघा दुखत असेल, रोज पुण्या-मुंबईच्या गर्दीतून जायचे असेल, तर ऑटोमॅटिक खुशाल घ्यावी. त्यात मान कमी होत नाही. जवळ दुरुस्ती कुठे होते, ते मात्र आधी पाहावे. आणि सर्वांत आधी घरातल्या माणसाला विचारावे. मी यंत्राबद्दल सगळ्यांना विचारले. जिच्यासाठी निर्णय घेत होतो, तिला मात्र शेवटी विचारले, तेही तिनेच विषय काढला म्हणून.

मागच्या महिन्यात हदगावला निघालो होतो. स्टिअरिंगवर ती. एका चढावर पुढची ट्रॉली थांबली, आम्ही थांबलो, आणि निघताना गाडी आचका देऊन बंद पडली. मागे एसटी. भोंगा. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि बाहेर हळदीच्या शेताकडे पाहत राहिलो. तिने गाडी सुरू केली, क्लच अर्धा सोडला, गाडी क्षणभर थरथरली आणि चढ चढून गेली.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ‘‘बोला आता, काय बोलायचं ते.’’

‘‘तिसरा टाक,’’ मी म्हणालो.

‘‘टाकला केव्हाच.’’