दिलेला शब्द मागे घेताना

घर घेणे ही कामगार कुटुंबाच्या आयुष्यात एकदाच घडणारी गोष्ट. म्हणूनच गेल्या वर्षी आम्ही बोईसरला २० लाखांचे वन-रूम-किचन पसंत केले, तेव्हा घरात पेढे वाटले. मिस्टर तारापूर एमआयडीसीत कंत्राटी कामाला. गळ्यातली पोत मोडून आम्ही बुकिंगचे ५० हजार भरले.

बँकेने मात्र पगारपत्रक पाहून मागितलेल्या कर्जाच्या निम्मेच मंजूर केले. उरलेले व्याजाने काढायचे, की घर सोडायचे? सासरे म्हणाले, "शब्द फिरवला तर लोक काय म्हणतील?" एजंट म्हणाला, "टोकन परत मिळत नसतं." दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी पालघरच्या एका वकिलांना कागद दाखवले.

त्यांनी सांगितलेले प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावे. नव्या इमारतींसाठी २०१६ चा 'रेरा' कायदा आहे. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. महारेराने २०२२ मध्ये वाटपपत्राचा नमुना ठरवून दिला. त्यानुसार वाटपपत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापायचे नाही. ३० दिवसांपर्यंत १ टक्का, ६० दिवसांपर्यंत दीड टक्का, त्यानंतर २ टक्के. ही टक्केवारी टोकनवर नव्हे, घराच्या किमतीवर! म्हणजे लाजेपोटी आम्ही दोन महिने गप्प बसलो असतो, तर ५० हजारांतले ४० हजार गेले असते.

आमचा तो १२ वा दिवस होता. त्याच दिवशी रद्द केल्याचे पत्र दिले आणि पोच घेतली. रक्कम ४५ दिवसांत परत करायची असते. आम्हाला ती पूर्ण मिळाली.

जुनी खोली घेताना मात्र हा आधार नाही. तिथे इसारपावतीत लिहिलेलेच कामी येते. म्हणून "कर्ज मंजूर न झाल्यास इसार परत" ही ओळ आधीच लिहून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात सातबाराही पाहावा. आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही.

पोत पुन्हा गळ्यात आली. घर आज ना उद्या होईलच. सासरेही आता म्हणतात, "कर्जात बुडण्यापेक्षा वेळेवर नाही म्हटलेलं बरं."